तिसरी चिप माझ्या हातात होती

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर मला कुणी भोळसट म्हणायला नको. भुतंखेतं, करणी, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. कधीच नव्हता. आमचं घर बौद्ध. वडिलांनी धम्म स्वीकारला त्याच आठवड्यात घरातले सगळे देव फडक्यात बांधून नदीला सोडून दिले, आणि त्यानंतर आमच्या उंबऱ्याला कुणी साधं लिंबूसुद्धा बांधलं नाही. या सदरातले अनुभव मी वाचतो ते करमणूक म्हणून. पांढरी साडी, पिंपळ, अमावस्या... वाचतो आणि हसतो. माझ्या अनुभवात यातलं काहीच नाही. रविवारची सकाळ होती, लख्ख ऊन पडलं होतं, आणि समोर एक कॉम्प्युटर उघडून ठेवलेला होता.

साल १९८६. दिवाळी होऊन गेली होती. मी आयटीआय करून सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट सेक्शनला लागलो होतो. कारखाना आता राहिला नाही, नाव घेऊन उपयोग नाही. राहायला आम्ही नाशिकरोडला. वडील – आम्ही त्यांना नाना म्हणायचो – प्राथमिक शाळेतून शिक्षक म्हणून नुकतेच रिटायर झाले होते. माझं प्रोबेशन संपायला दीड महिना राहिला होता आणि घरात सगळ्यांचे डोळे त्या एका कन्फर्मेशनच्या कागदाकडे लागलेले होते.

त्या कागदावर सही ज्यांची होणार, ते आमचे सेक्शन इंजिनिअर. त्यांना इथे नुसतं साहेब म्हणतो. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहितोय. काम समजायचं त्यांना, आवाज चढवायचे नाहीत, आणि चारचौघांत म्हणायचे, "पगारे, तुझ्या हाताला गुण आहे." त्या हाताचं काय झालं ते पुढे येईलच.

साहेबांच्या मेहुण्यानं लंडनहून त्यांना एक होम कॉम्प्युटर पाठवला होता. रबरी बटणांचा, वहीएवढा, काळा. टीव्हीला जोडायचा, आणि प्रोग्रॅम साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर ठेवायचे. नाशिकमध्ये तेव्हा असं यंत्र किती जणांकडे असेल? मी तर फक्त मासिकात फोटो पाहिला होता. साहेबांना त्यावर करायचं काय होतं, तर नामावळी. त्यांचं घराणं तीर्थोपाध्यायांचं. थोरले भाऊ अजून गंगेवर बसायचे – बाहेरच्यांसाठी सांगतो, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो. गावोगावचे लोक तिथे विधी करायला येतात, आणि उपाध्ये आपल्या वहीत त्यांचं गाव, नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव लिहून घेतात. नातू पुढे आला की त्याला त्याच्या आज्याची सही काढून दाखवतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अशा वह्या घरात होत्या, वाळवी लागत चाललेल्या. साहेब त्या इंग्रजी अक्षरांत कॉम्प्युटरमध्ये उतरवायला बसले होते. कल्पना खरंच छान होती. मी मनापासून तसं म्हणालो होतो.

त्या वह्यांत आमचं पान नव्हतं, हे सांगायला नकोच. आमच्या लोकांना त्या पाण्यापर्यंत पोचायला किती काळ लागला ते नाशिकच्या माणसाला ठाऊक आहे. मी तेव्हा तो विचार केला नव्हता. खरं सांगतो, मला फक्त ते यंत्र आतून बघायचं होतं.

अडचण मेमरीची होती. सोळा K मध्ये एका तालुक्याचीसुद्धा नावं मावेनात. मेहुण्यानं मग मेमरी वाढवायच्या चिप पाठवल्या. आत बोर्डवर रिकामी सॉकेट असतात, त्यात आठ मेमरी चिप आणि चार छोट्या चिप बसवायच्या, शिवाय एक वायरचा तुकडा डाखायचा. त्या तुकड्याची गंमत आहे. या चिप म्हणजे कंपनीत अर्ध्या खराब निघालेल्या. प्रत्येकीचा एक अर्धा भाग मेलेला, दुसरा चांगला. वायर ज्या बाजूला लावू तो अर्धा भाग चालू होतो. टाकाऊ माल, पण नीट जोडला तर सोळाचे अठ्ठेचाळीस K होतात.

साहेबांनी मला घरी बोलावलं. गंगापूर रोडला नवा बंगला. सकाळी नऊला गेलो. त्यांची आई, माई, दारात होत्या. मला व्हरांड्यातलं टेबल दिलं. टीव्हीही बाहेर आणून ठेवला होता. "उजेड चांगला आहे इथं," साहेब म्हणाले. उजेड चांगला होता, खोटं कशाला बोलू. चहा आला तो काचेच्या ग्लासात. ग्लास जाताना मी धुऊन पालथा ठेवावा अशी अपेक्षा असणार, कारण बाहेरच्या नळाशी तशी जागा होती. मी ठेवला. पंचवीस वर्षांचा होतो, प्रोबेशनवर होतो, ठेवला.

दोन तासांत काम झालं. वायर डाखली, चिप बसवल्या, एकेक पाय भिंगातून तपासला. यंत्र सुरू केलं. मेमरी मोजायची कमांड दिली. पूर्ण अठ्ठेचाळीस! साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली – खरोखर मारली – आणि मी सायकलवरून नाशिकरोडपर्यंत शीळ घालत गेलो.

मंगळवारी साहेब सेक्शनमध्ये माझ्याशी बोलले नाहीत. बुधवारी बोलावून घेतलं.

"पगारे, काय करून ठेवलंस ते? परवा संध्याकाळी लावला तर पुन्हा सोळावर. मध्येच स्क्रीनवर नुसत्या रेघा येतात."

"साहेब, रविवारी तर तुमच्या समोर..."

"समोर चालला. तू गेल्यावर बंद पडला. जोडणी कच्ची असणार. लंडनहून पुन्हा चिप येणार नाहीत, माहितेय ना?" आणि मग सहज म्हणावं तसं, "कन्फर्मेशनचे कागद आलेत माझ्याकडे."

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. पुन्हा व्हरांडा, पुन्हा टेबल. झाकण काढलं आणि मला आधी समजेचना. बोर्डवर पांढरट गोल डाग होते. चिपांच्या पायांपाशी हिरवट बुरशीसारखं काहीतरी धरलेलं. या कॉम्प्युटरला मागच्या बाजूनं मोठी फट असते, तिथून पाणी आत शिरलं होतं, आणि तसंच ओलं असताना कुणीतरी करंट सुरू केला होता.

"साहेब, यावर पाणी सांडलंय."

साहेब काही बोलण्याआधी माईच म्हणाल्या. अगदी सरळ. लपवाछपवी नाही, काही नाही.

"सांडलं नाही रे बाबा, शिंपडलं. गंगेचं. तू हात लावला होतास ना सगळीकडे? त्यात आमच्या यजमानांची नावं जायची. तुला वाईट वाटायचं कारण नाही, आम्ही सगळ्याच गोष्टींवर शिंपडतो."

मी साहेबांकडे पाहिलं. ते टीव्हीची वायर नीट करत होते. त्यांना माहीत होतं. विजेवर चालणाऱ्या वस्तूवर पाणी टाकू नये हे इंजिनिअर माणसाला मी सांगायचं? थोड्या वेळानं ते म्हणाले, "चार थेंबांनी काय होतंय, पगारे. तू आधी जोडणी बघ."

राग आला होता. स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवून दिला. पण मी उठून गेलो नाही. का गेलो नाही, याचं उत्तर मी आजवर स्वतःला नीट देऊ शकलेलो नाही... कन्फर्मेशनचे कागद, नाना, हे सगळं आहेच. पण ते यंत्र मला दुरुस्तही करायचं होतं. माझं काम कच्चं नव्हतं हे दाखवायचं होतं. आणि दाखवायचं कुणाला, तर त्यांनाच!

स्पिरिटनं बोर्ड साफ केला. ऊन देऊन वाळवला. मग मी एक छोटा तपासणीचा प्रोग्रॅम लिहिला. नव्या मेमरीत प्रत्येक घरात 'A' हे एकच अक्षर भरायचं, आणि नंतर तेच वाचून टीव्हीवर दाखवायचं. सगळीकडे A आला तर मेमरी चांगली. दुसरं काही आलं तर कोणती चिप खराब ते कळतं. हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे: त्या यंत्रात आठ चिप मिळून एक अक्षर होतं. एकेका चिपमध्ये अक्षराचा आठवा हिस्सा. एक चिप खराब, तर प्रत्येक अक्षर बिघडणार. यात सूट नाही.

पहिल्या वेळी A च्या जागी भलतीच अक्षरं आली. हिशेब केला, खराब निघाली तिसरी चिप. यंत्र बंद केलं. पिन अगदी भिंतीतून काढली. तिसरी चिप सॉकेटमधून उपसून हातात घेतली, पाय काळे पडले होते. सॉकेट साफ करायचं होतं. त्याआधी, बाकीच्या सात ठीक आहेत ना हे बघावं म्हणून, तिसरीची जागा रिकामी ठेवूनच पुन्हा यंत्र सुरू केलं आणि तोच प्रोग्रॅम हातानं टाइप केला. कॅसेट लावलेली नव्हती. टेपरेकॉर्डर आत कपाटात होता. साहेबांची नामावळी त्या दिवशी यंत्रात गेलीच नव्हती.

स्क्रीनवर कचरा यायला लागला. तसाच यायला हवा होता. दोन स्क्रीनभर आला. मग मध्येच कचरा थांबला आणि इंग्रजी अक्षरांत स्वच्छ ओळी आल्या. साहेब वहीतून उतरवायचे अगदी त्याच पद्धतीनं:

येवला. पगारे. किसन बिन भिवा बिन संतू.
भिवाची मुलगी झेंडू.

आणि पुन्हा कचरा.

किसन म्हणजे नाना. भिवा माझे आजोबा. आमचं मूळ गाव येवल्याकडचं. संतू हे नाव मी लहानपणी एकदोनदा ऐकलेलं. झेंडू कोण ते मला ठाऊक नव्हतं.

माझ्या डाव्या हातात तिसरी चिप होती. तळहातावर. मी चिपेकडे पाहिलं आणि स्क्रीनकडे पाहिलं. अंगावर काटा वगैरे आला नाही, उगीच सांगत नाही. मला वाटलं, माझं काहीतरी चुकतंय. म्हणून जवळच्या वहीत ओळी जशाच्या तशा उतरवून घेतल्या आणि हाक मारली, "साहेब, जरा बघता का?"

साहेबांनी मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या ओळीशी थांबले. माई आतून आल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण ऐकलं त्यांनी.

"पगारे म्हणजे तुमच्यातलेच ना?" माई म्हणाल्या. "आपल्या नामावळीत?" आणि मग, मला आजही तो आवाज आठवतो, जरा हळू, "झेंडू कोण रे?"

"मला नाही माहीत, माई."

"माहीत नाही?" साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. तोवर त्यांना मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "तूच टाकलंस हे. माईंनी पाणी शिंपडलं म्हणून डूख धरलास आणि आमच्या वहीत स्वतःची नावं घुसवलीस. वर झेंडू! चेष्टा करतोस?"

"साहेब, ही चिप बघा. माझ्या हातात आहे. ही काढल्यावर एक अक्षर सरळ येऊ शकत नाही. तुम्हीच सांगा, येऊ शकतं का?"

ते इंजिनिअर होते. त्यांना कळत होतं. मी पाहिलं, त्यांना कळलं. त्यांनी सॉकेटकडे पाहिलं, रिकामी जागा बोटानं चाचपलीसुद्धा. आणि मग भिंतीवरचं बटण बंद केलं.

मेमरी म्हणजे काय, तर करंट आहे तोवर. टीव्ही पांढरा झाला. माझ्या वहीतलं पान साहेबांनी फाडून घेतलं आणि त्याचे तुकडे तुकडे केले. पुन्हा यंत्र लावून बघायची मी विनवणी केली, पण त्यांनी लावू दिलं नाही. मला फाटकापर्यंत सोडायला आले, जसे पाहुण्याला येतात.

सोमवारी केबिनमध्ये बोलावलं. समोर कोरा कागद. "थोरल्या बंधूंच्या कानावर गेलंय. घरात वाद झालेत. मला हे मिटवायचंय, पगारे. लिहून दे, की ही नावं मी खोडसाळपणे टाकली, त्यात तथ्य नाही, पुन्हा असं करणार नाही. नावं काय होती तीही लिही, म्हणजे पुढे घोळ नको. ते तुझ्या फाइलला राहील. कन्फर्मेशनवर मी सही करतो."

"आणि नाही दिलं तर?"

"मग मी काय सही करणार?"

त्यांना ते खोटं असायला हवं होतं. माझ्यापेक्षा त्यांची गरज जास्त होती, असं आता वाटतं. मी एक दिवस मागून घेतला.

घरी येऊन नानांना सगळं सांगितलं. पाणी शिंपडल्याचंही. नाना म्हणजे आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलेला माणूस. मला वाटलं होतं म्हणतील, लाथ मार नोकरीला.

"झेंडू म्हणून आपल्यात कुणी नाही," ते म्हणाले. "मला एकच बहीण, तुझी आत्या. तेव्हा ते यंत्राचंच काहीतरी असणार. दे लिहून. नोकरी पक्की होऊ दे."

मंगळवारी मी लिहून दिलं. चारही नावं लिहिली, खाली ओळ लिहिली की ही नावं खोटी असून मी स्वतः घातलेली आहेत, आणि सही केली. अक्षर माझं सुंदर होतं, नानांनी वळण लावलेलं.

कन्फर्म झालो. पेढे वाटले. साहेबांनीही घेतला एक... बहुतेक खाल्ला असावा.

जानेवारीत नाना आणि मी येवल्याच्या एसटीनं आत्याकडे गेलो, माझ्या नोकरीची बातमी सांगायला. आत्या नानांपेक्षा दहा वर्षांनी मोठी. नाना आमच्याशी पुस्तकी बोलायचे, पण आत्यापुढे बसले की गावचं बोलायला लागायचे. जेवताना नानांनी ती गोष्ट गंमत म्हणून सांगितली. यंत्रात आपली नावं आली, आणि आज्यापणज्यांबरोबर कुणी एक झेंडू पण आली म्हणे!

आत्याचा हात ताटातच राहिला.

"काय म्हनला? पुन्यांदा म्हन."

"झेंडू. भिवाची मुलगी झेंडू."

"कोनी सांगितलं तुला?"

"कुनी नाय, अक्का. मिशनीवर आलं."

आत्या उठली, दार पुढं केलं, परत येऊन बसली.

"तुझ्या आदी एक झाली व्हती. दसऱ्याच्या टायमाला. पाटलाच्या मळ्यात लय झेंडू फुलला व्हता, म्हनून मी तिला झेंडू म्हनायचे. बारशाआदीच गेली, नऊ दिसांची. आई म्हनली, बारसं नाय तर नाव नाय, पुन्यांदा तोंडातून काढू नको. मी नाय काढलं. माझ्या मालकालाबी कधी सांगितलं नाय. आई गेली तवापास्न ते नाव मला एकटीलाच ठावं हाय."

आता बोला. कुणी म्हणेल, मी लहानपणी कुठेतरी ऐकलं असेल आणि नकळत टाइप केलं असेल. कुठे ऐकणार? नानांना माहीत नव्हतं. कुणी म्हणेल, अर्ध्या खराब चिपांमध्ये आधीचं काहीतरी राहिलं असेल. करंट गेल्यावर त्यात काही राहत नाही, आणि परदेशातल्या कारखान्यात येवल्याच्या नऊ दिवसांच्या मुलीचं नाव कोण भरणार? आणि तिसरी चिप? मी पुढे तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्समध्येच काढली. जाणकारांना विचारलं, स्वतः तसाच बोर्ड मिळवून तिसरी चिप काढून पाहिलं. कचराच येतो. दरवेळी. माझ्याकडे उत्तर नाही. आत्मा, पुनर्जन्म असलं काही मी आजही मानत नाही, मानणारही नाही. पण ते मी पाहिलंय आणि साहेबांनीही पाहिलंय. त्यांनी ते यंत्र नंतर कुणाला तरी देऊन टाकलं असं ऐकलं. आमच्यात त्या विषयावर पुन्हा शब्द झाला नाही. वेळोवेळी मला त्यांचा राग येतो, पण स्वतःचा जास्त येतो.

आत्याला पुढचं ऐकायचं होतं. तिनं डोळे पुसले, जरा हसलीसुद्धा. इतक्या वर्षांनी ते नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकल्याचा तो आनंद होता, तो मी बघितला.

"लिवलेलं व्हतं म्हनता ना?" ती म्हणाली. "मला वाचाया येत नाय, पन दाव. कुठं हाय?"

मी नानांकडे पाहिलं. दाखवायला काही नव्हतं. तिचं नाव लिहिलेला जगात एकच कागद होता, माझ्या फाइलमधला.

"सायबाला काय सांगितलंत मंग? कोन म्हनून सांगितलं?"

नानांनी ताट बाजूला सरकवलं.

"खोटं नाव हाय म्हनून लिहून दिलं, अक्का," नाना म्हणाले. "पोरगा देत नव्हता. मीच सांगितलं त्याला."

उरलेली भाकरी आत्यानं फडक्यात गुंडाळून ठेवली आणि आम्हाला विचारलं की परतीची एसटी किती वाजता आहे.